जमिनीवर बुडालेला खलाशी

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, आमच्या उएसां बेटावर जमीन बायकांची आणि समुद्र पुरुषांचा. नांगर फिरेल एवढं शेत इथे नाहीच. दगडी गडग्यांनी बांधलेले रुमालाएवढे तुकडे, ते कुदळीनेच खणायचे. खणणारी बाई, लावणारी बाई, काढणारी बाई. पुरुष वर्षा-दोन वर्षांनी जहाजावरून घरी येतो, चुलीपाशी बसून पाइप ओढतो आणि पुन्हा जातो. त्यामुळे माझा थोरला भाऊ गोनेरी लढाईवरून परत आला आणि कुदळ घेऊन बार्बा मावशीच्या शेतात उतरला, तेव्हा गडग्यापलीकडून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना आयताच विषय मिळाला.

"काय गं गोनेरी," त्या विचारायच्या, "झगा कधी शिवायला टाकतेस?"

"माझ्या मापाचा शिवणारी मिळाली की," गोनेरी म्हणायचा आणि मान खाली घालून खणत राहायचा. आवाजात राग नसायचा. मग त्यांनाच कंटाळा आला.

बार्बा मावशी आमच्या आईची थोरली बहीण. तिचा नवरा एका मालवाहू गलबतावर होता. ते गलबत दक्षिणेच्या समुद्रात गेलं ते गेलंच. तेव्हा तिचा एकुलता एक मोरीझ रांगत होता. समुद्रात गेलेल्याचं प्रेत घरी येत नाही, म्हणून आमच्याकडे त्याची प्रोएला करतात. बोटभर लांबीचा मेणाचा क्रूस करायचा, घरातल्या टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ठेवायचा, आणि तोच देह समजून शेजारपाजारचे त्याच्याजवळ रात्र जागवतात. सकाळी पाद्री येतो, क्रूस उचलतो, सगळे मागोमाग चर्चमध्ये जातात. पुढे तो क्रूस दफनभूमीतल्या छोट्या दगडी घरात ठेवला जातो. बेटावरचे सगळे बुडालेले तिथे एकत्र असतात. मावशीच्या नवऱ्याचा क्रूसही तिथेच होता. रविवारी प्रार्थना झाली की मावशी तिथे जाऊन उभी राहायची आणि त्याला घरचं काहीबाही सांगायची. मेंढी व्याली, छपराचा दगड सरकला, मोरीझला दात आला.

मोरीझ आणि गोनेरी एका वयाचे. आमच्या दोन्ही घरांची मधली भिंत एकच, आणि ते दोघं कुठल्या घरी जेवतील याचा नेम नसायचा. मोरीझ काटकुळा, जिभेने तिखट. गोनेरी बैलासारखा, सगळ्यात सावकाश. मोरीझ म्हणायचा, "गोनेरीला विनोद सोमवारी सांगावा, म्हणजे तो रविवारी चर्चमध्ये हसतो." हे एकदा खरंच झालं होतं, आणि पाद्र्याने दोघांनाही बाहेर काढलं होतं.

वयात आल्यावर दोघंही ब्रेस्टच्या बंदरात नौदलात भरती झाले. चौदा साली लढाई पेटली तेव्हा खलाशी भरपूर आणि जहाजं कमी अशी गत होती. बराकी माणसांनी नुसत्या फुगल्या होत्या. मग वरच्यांनी ठरवलं की या पोरांचं पायदळ करायचं. अंगावर शिपायाचा लांब डगला चढवला, खांद्यावर बंदूक दिली, डोक्यावर मात्र खलाशाची लाल गोंड्याची टोपीच राहिली. बहुतेक सगळे आमच्या ब्रेटनी प्रांतातले, कित्येकांना मिसरूडही नव्हतं. वाटेत एका स्टेशनवर बघ्यांतला कोणीतरी ओरडला, "अरे, या तर मुली पाठवल्यात!" मोरीझने डब्याच्या खिडकीतून त्याला लाजून दाखवलं.

हे मला गोनेरीने एका दमात सांगितलेलं नाही. बटाटे काढताना सरीला एक वाक्य, असं वर्षानुवर्षं गोळा केलंय.

बेल्जियममधल्या डिक्सम्युड नावाच्या गावापुढे त्यांना नेऊन खंदक खणायला लावले. कुदळी हातात दिल्या तर निम्म्यांना धरता येईनात. "आई इथे असती," मोरीझ म्हणाला, "तर तिने माझ्या हातातून कुदळ हिसकावून घेतली असती, आणि लढाई संपेपर्यंत परत दिली नसती." जहाजावर अनवाणी फिरणारे ते पाय बुटांनी सोलून निघाले होते. समोरून तोफांचा मारा चालू झाला. गाव जळलं, चर्चचा मनोरा कोसळला, आणि खंदकात गुडघाभर चिखल. जहाजाला गोळा लागला तर जहाज बुडतं, सगळे एकदम जातात. इथे एकेक जण जात होता आणि उरलेल्यांना ते बघत बसावं लागत होतं. हे गोनेरीला सगळ्यात अवघड गेलं. इथपर्यंत तो सांगायचा. यापुढचं सांगायचा नाही.

आमच्याकडे त्या हिवाळ्यात नगरपालिकेतून कागद आला. मोरीझ नोव्हेंबरपासून बेपत्ता.

मावशीला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बेपत्ता म्हणजे काय गं, पेरिन? समुद्रावर माणूस बेपत्ता होतो. जमिनीवर कसा होईल? जमिनीवर माणूस पडला की तिथेच असतो."

ती पाद्र्याकडे गेली. आमचा पाद्री तेव्हा चाळिशीचा होता. माणूस चांगला, पण नियमाला घट्ट. तिने विचारलं, प्रोएला करायची का. तो म्हणाला, "बार्बा, प्रोएला समुद्राने नेलेल्यांची. तुझा मुलगा जमिनीवर आहे. आज ना उद्या त्याचं थडगं सापडेल. धीर धर."

तिने धीर धरला.

पुढच्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर, त्या खलाशांची पलटण मोडली. जे उरले होते त्यांना पुन्हा पाण्यावर पाठवायचं ठरलं. गोनेरीला सुरुंग काढणाऱ्या एका बोटीवर नेमलं, आणि मधल्या सुटीत तो घरी आला. गाल बसलेले, खोकला लागलेला. तो दारातून आत येऊन टेकतोय तोच मावशी आली. तिने डोक्यावरची शालही काढली नाही.

"तू त्याला पाहिलंस?"

"हो, मावशी."

"गेला?"

"गेला."

मावशी समोरच्या बाकावर बसली. आईने तिच्यापुढे कॉफीचा वाडगा ठेवला, तिने तो हातात धरला, प्यायली नाही.

"कुठे लागलं?"

"पायाला. मग छातीत." गोनेरी टेबलाकडे बघत होता. "लगेच गेला. त्रास झाला नाही."

"पुरलं कोणी?"

"आम्हीच. रेल्वेचा एक बांध आहे, त्याच्याजवळ वाळुंजाचं झाड आहे. त्याच्याखाली. लाकडी क्रूस केला, त्याच्यावर त्याची टोपी ठेवली."

"तोंड कुठल्या दिशेला?"

गोनेरी जरा थांबला. "पश्चिमेला. इकडे."

मावशी तेव्हा कॉफी प्यायली. वाडगा धुऊन जागेवर ठेवला आणि घरी गेली.

आमच्या बेटावर झाड नाही. वारा उभंच राहू देत नाही. मावशी जन्मात बेटाबाहेर गेली नव्हती, वाळुंज कसं असतं हे तिला माहीत नव्हतं. त्यानंतर ब्रेस्टला जाऊन आलेला कोणीही भेटला की ती विचारायची, वाळुंज पाहिलंत का, केवढं होतं, सावली किती पडते. जाणारे-येणारे आपल्या परीने सांगायचे. कोणी म्हणालं त्याच्या फांद्या खाली झुकतात, केस सोडलेल्या बाईसारख्या. ते तिला फार आवडलं. संध्याकाळी ती पूर्वेच्या खिडकीकडे तोंड करून गुडघे टेकायची आणि माळ ओढायची. आम्हाला वाटायचं, बरं झालं, म्हातारीला काहीतरी आधार मिळाला. गोनेरी समोर असला की मात्र त्या वेळी उठून बाहेर जायचा.

लढाई संपल्यावर तो कायमचा परत आला आणि पुन्हा जहाजावर गेला नाही. छाती अधू झाली म्हणायचा. पण त्याच्यापेक्षा अधू माणसं जहाजावर जात होती. आमच्या वडिलांनी, ते हयात होते तेव्हा, एकदा विचारलं, "माणसासारखा माणूस तू, बायकांत काय वाकून बसतोस?" गोनेरी म्हणाला, "मावशीचं शेत पडून आहे." शेत पडून नव्हतं, मावशी खमकी होती. पण तिनेही त्याला नाही म्हटलं नाही.

मग सरकारने परवानगी दिली की ज्यांना आपली माणसं तिकडून आणायची असतील त्यांनी आणावीत. बेटावर पहिली शवपेटी आली ती वरच्या वाडीतल्या स्तेफानांच्या मुलाची. बोटीतून धक्क्यावर उतरवताना मावशी तिथे उभी होती. त्या मुलाच्या आईने पेटीवर हात ठेवला आणि गावापर्यंत तो काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी ठेवणीतली शाल घेऊन आमच्या दारात. गोनेरी बाहेर मेंढीचा खुर साफ करत होता.

"गोनेरी, चल माझ्याबरोबर. मला ते झाड दाखव."

"मावशी, तिथे सगळं उद्ध्वस्त झालंय. झाड कुठलं उरतंय आता."

"मुळं तर असतील."

"क्रूसही गेला असेल. पुढची कितीतरी वर्षं गोळे पडत होते तिथे."

"बांध आहे ना? बांधापासून तुला जागा कळेल. तू पुरलंयस त्याला, तुला नाही कळणार तर कोणाला?"

त्याने मेंढी सोडून दिली. हातातला चाकू पुसत राहिला. मग म्हणाला, "चल."

मला बरोबर घेतलं, कारण शाळेतली फ्रेंच मला बोलता यायची. मावशीला ब्रेटन सोडून काही येत नव्हतं.

बोटीत ती खंबीर होती, आगगाडीत मात्र डोळे मिटून बसली. ब्रेस्टला स्टेशनाबाहेर झाडं होती. तिने त्यांतल्या एकाच्या खोडावर हात फिरवला आणि गोनेरीला विचारलं, "हे वाळुंज का?" तो म्हणाला, "नाही." पुढचा सगळा प्रवास दर वेळी झाडांची रांग दिसली की ती त्याच्याकडे बघायची, आणि तो मान हलवून नाही म्हणायचा. त्याने वाटेत काही खाल्लं नाही. मला वाटलं, जुन्या आठवणी असतील.

डिक्सम्युड अजून उभं राहिलं नव्हतं. फळ्यांच्या झोपड्यांत माणसं राहत होती आणि विटांचे ढीग उपसत होती. गावाबाहेर सगळं सपाट, आमच्या समुद्रासारखं सपाट. रेल्वेच्या बांधावर नवे रूळ टाकले होते. बांधाच्या पलीकडे शेतं, मध्ये पाण्याचे चर, आणि दूरवर एक घर नव्याने बांधायला घेतलेलं. शेतांत बीट लावलं होतं, पण ते ठिकठिकाणी जळल्यासारखं दिसत होतं. चरांच्या कडेने झाडांचे राखाडी सांगाडे उभे होते. एकाला पान नव्हतं.

आम्ही बांधावर चढलो. मावशीने दम घेतला आणि विचारलं, "यातलं कुठलं?"

गोनेरीने टोपी काढली.

"मावशी, खाली बस."

"बसत नाही. सांग."

"झाड नव्हतं, मावशी."

वारा होता. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. पण ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तो बोलत राहिला. इतकं सलग बोलताना मी त्याला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

तो म्हणाला की शत्रू काही केल्या अडेना, तेव्हा खाली समुद्राकाठच्या नियूपोर्ट गावी बेल्जियन लोकांनी भरतीचं पाणी अडवायचे दरवाजे उघडले. भरतीला उघडायचे, ओहोटीला लावायचे. रोज थोडा थोडा समुद्र आत घेतला. आवाज न करता चरांतून पाणी चढत गेलं, आणि एका सकाळी बघावं तर शेतं नाहीत. नुसती घरं तेवढी बेटांसारखी वर राहिली. मोरीझ आणि आणखी काही जण त्या समोरच्या घरात पहाऱ्याला होते. घरावर गोळा पडला. जे चालू शकत होते ते पाण्यातून बांधापर्यंत आले. मोरीझचा पाय मोडला होता. तो तिथेच राहिला.

"तो दिसत होता?" मावशीने विचारलं.

"दिसत होता. भिंतीला टेकून बसला होता. टोपी हलवत होता."

"मग?"

"साहेब म्हणाले, कोणी जायचं नाही. दिवसभर जाताही आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं पडलं, तेव्हा मी गेलो. कोणाला विचारलं नाही. पाणी मांडीपर्यंत होतं. मोरीझ जिवंत होता, मावशी. गारठला होता, पण बोलत होता. मला म्हणाला, 'रविवार उजाडला वाटतं, गोनेरी आला.' मी त्याला पाठीवर घेतलं."

मावशी त्या घरापासून बांधापर्यंतचं अंतर नजरेने मोजत होती.

"निम्मी वाट आलो. खाली सगळं सारखंच पाणी. चर कुठला आणि शेत कुठलं ते वरून कळेना. माझा पाय चरात गेला. तळच नव्हता. आम्ही दोघंही खाली गेलो. माझ्या हाताला कुंपणाचा खांब लागला. दुसऱ्या हातात त्याच्या डगल्याची कॉलर होती. डगला पाण्याने जड झाला होता. हात बधिर झाले होते. कॉलर हातात होती, मग नव्हती."

आमच्याकडे खलाशांना पोहता येत नाही. बुडायचंच तर लवकर सुटका व्हावी म्हणून कोणी शिकतच नाही. मावशीला हे सांगायची गरज नव्हती.

"शोधलंस?"

"धुकं उठेपर्यंत. मग शत्रू गोळ्या झाडायला लागला."

बांधाखालून एक शेतकरीण वर आली. आमचे काळे कपडे बघून तिला कळलं असावं. तिची भाषा मलाही येत नव्हती. तिने आम्हाला आपल्या झोपडीत नेलं, कॉफी दिली, पाव कापला. मावशीने बाहेर बोट दाखवून हाताने पाण्याची खूण केली. ती बाई समजली. तिने पुढे होऊन आपल्या छातीवर हात आडवा धरला, इथपर्यंत. मग जिभेला बोट लावून तोंड वाकडं केलं आणि खिडकीतून आपलं जळलेलं बीट दाखवलं. मीठ. अजून जमिनीतून जात नव्हतं.

मावशी गोनेरीकडे वळली. "म्हणजे खारं होतं."

"समुद्रच होता, मावशी."

"भरतीचा."

"भरतीचा."

"मग तो समुद्रातच गेला," मावशी म्हणाली. "पाद्र्याने मला उगाच थांबवलं."

तिने त्या बाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि ब्रेटनमध्ये तिचे आभार मानले. मग शाल सारखी करून उठली. दारात थांबून, गोनेरीकडे न बघता, म्हणाली, "आणि तू मला झाड दिलंस."

घरी पोचेपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आगगाडीत तो दाराशी उभा राहायचा आणि ती खिडकीशी बसायची. मध्ये मी.

बेटावर उतरल्यावर ती मला घेऊन थेट पाद्र्याकडे गेली. तो आता पिकला होता. सगळं ऐकून त्याने डोळे चोळले.

"बार्बा, शेतात साचलेलं पाणी म्हणजे समुद्र नव्हे."

"साचलेलं नव्हतं. आणलेलं होतं."

"मला बिशपसाहेबांना विचारावं लागेल."

"विचारा की. उत्तर येईल तेव्हा येईल. मेण माझ्याकडे आहे."

तिने क्रूस स्वतःच केला. पण एक अडचण होती. प्रोएलाची वर्दी जवळच्या नात्यातल्या पुरुषाने द्यायची असते. घरच्या बाईला सगळं माहीत असलं, तरी तो दिवेलागणीला दारात येऊन म्हणतो, तेव्हाच ती सुरू होते. आमचे वडील आणि मामा दोघंही तोवर गेलेले. जवळचा पुरुष एकच उरला होता.

मावशीने त्याला निरोप पाठवला नाही. मी त्याला सांगितलं. तो दाढी करून, नौदलाचं जुनं जाकीट घालून निघाला. मधली भिंत एक असूनही तो रस्त्याने फिरून तिच्या दाराशी गेला, रीत तशीच आहे. दार उघडंच होतं. टेबलावर पांढरं फडकं घातलं होतं. मावशी पलीकडे उभी होती.

"मावशी," तो म्हणाला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मावशी तशीच उभी राहिली. "मावशी, आज तुझ्याकडे प्रोएला आहे. मोरीझची."

"ये," मावशी म्हणाली आणि बाजूला झाली.

पाद्र्याची परवानगी नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी बायका आल्या. आधी स्तेफानांची, जिच्या मुलाची पेटी आली होती ती. मग एकेक करून सगळी आळी. घर लहान, काही जणी बाहेर गडग्यावर बसल्या. मेणाचा क्रूस मक्याच्या दाण्यासारखा पिवळा दिसत होता त्या पांढऱ्या फडक्यावर. म्हणायच्या त्या प्रार्थना झाल्या, मधूनमधून मोरीझच्या गोष्टी निघाल्या. चर्चमधून त्याला हाकलल्याची गोष्ट कोणीतरी काढली आणि दोन-तीन जणी हसल्या. गोनेरी दाराजवळ खाली बसला होता. तोही हसला. मग त्याने तोंड फिरवलं.

उजाडल्यावर वाटेवर घंटेचा आवाज आला. पाद्री आला होता, अंगावर पुरा वेश, मागे क्रूस धरणारा आणि गाणारे. बिशपचं पत्र एवढ्यात येणं शक्य नव्हतं. तो कोणाशी काही बोलला नाही. आत येऊन टेबलाशी उभा राहिला, प्रार्थना म्हटली, क्रूस फडक्यासकट उचलला. बाहेर पडताना मावशीला म्हणाला, "सांभाळून चाल. वाट निसरडी झालीय."

मोरीझ आपल्या वडिलांजवळ गेला.

मला वाटलं होतं, आता सगळं सुरळीत होईल. नाही झालं. मावशीने गोनेरीला मोरीझ बुडाल्याचा बोल कधी लावला नाही. त्याच्या पाठीवरून तो गेला, हे तिला समजत होतं. समुद्र कोणाच्याही हातातून नेतो. पण झाडाचं तिला माफ करता येईना. एकदा मला म्हणाली, "माझा मुलगा पाण्यात होता आणि मी एका झाडाच्या पाया पडत होते. तो तिकडे वाट बघत असेल ना गं, आई प्रोएला का करत नाही म्हणून? त्याला काय सांगू?"

गोनेरी रोज तिच्या शेतात जायचा. ती दुसऱ्या टोकाला असायची. दुपारी ती बार्लीचा पाव आणि मेंढीच्या रश्शाचा वाडगा गडग्यावर ठेवून जायची. तो खायचा, वाडगा घासून तिथेच ठेवायचा. कामापुरतं बोलायचे. "ही सरी उथळ आहे." "बियाणं संपलं." त्यापलीकडे नाही. त्याने लग्न केलं नाही. आमच्याकडे मागणी मुलीने घालायची असते. वरच्या वाडीतली एक चांगली मुलगी रिवाजाप्रमाणे डुकराच्या मांसाचा तुकडा घेऊन आमच्या घरी आली होती. तो त्याने खाल्ला असता तर होकार झाला असता. त्याने तो नीट गुंडाळून परत तिच्या हातात दिला आणि तिला दारापर्यंत पोचवून आला.

एकदाच, बटाटे काढताना, तो मला म्हणाला, "पेरिन, एक गोष्ट मी मावशीला सांगितली नाही."

मी कुदळ थांबवली.

"मोरीझ पाठीवर होता ना, त्याला वरून जास्त दिसत होतं. तो मला वाट सांगत होता, सुकाणू धरल्यासारखा. उजवीकडे घे, सरळ चल. शेवटी म्हणाला, 'थोडं डावीकडे घे.' मी घेतलं. तिथे चर होता."

"मग सांग ना तिला," मी म्हटलं. "तुझा दोष नव्हता, एवढं तरी तिला कळेल."

"आणि तिच्या मुलाचा होता, असं सांगू?" तो म्हणाला, आणि पुढची सरी खणायला लागला.

मी हे तिला कधी सांगितलं नाही. आता सांगते आहे, कारण तिघंही नाहीत.

गोनेरीची छाती कधी बरी झाली नाही. चाळिशी ओलांडून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, फेब्रुवारीत, तो अंथरुणाला खिळला आणि आठवड्याच्या आत गेला. मावशी तेव्हा कमरेत वाकली होती. काठी टेकत आली. आम्ही त्याला आंघोळ घालून स्वच्छ कपडे घातले होते. हात छातीवर जुळवले होते, खणून खणून राकट झालेले हात. मावशी त्याच्या उशाशी बसली आणि तिने त्याचा हात उचलून आपल्या हातात घेतला. नखांत माती राहिली होती. तिने आपल्या केसांतली पिन काढून एकेक नख साफ केलं.

मग ती त्याच्याशीच बोलावं तसं म्हणाली, "इतकी वर्षं अबोला धरला तुझ्याशी. तू एकदा तरी भांडायचंस रे."

तिने त्याचं कपाळ पुसलं, चेहऱ्यावरून हात फिरवला, नाक, गाल, हनुवटी. सावकाश, जणू ओळख पटवून घेत होती. कोणीतरी तिला उठवायला गेलं, तर आईने खुणेने थांबवलं. ती तशीच बसून राहिली.

पुरताना पाऊस होता. खड्ड्यात पाणी साचायला लागलं होतं, तेव्हा मावशीने उपसायला लावलं. पुन्हा साचलं, तिने पुन्हा उपसायला लावलं. तळ कोरडा दिसेपर्यंत तिने शवपेटी खाली सोडू दिली नाही, आणि पाद्रीही थांबला.

त्या वर्षी मावशीने अर्धंच शेत लावलं. उरलेल्या अर्ध्यात मेंढ्या सोडल्या.